रोबेस्पिअर: क्रांतीचा खलनायक की सोयीचा आरोपी?

जुना कागद
फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की बॅस्टिल, गिलोटिन, रोबेस्पिअरचा रक्तपात आणि मग नेपोलियन, एवढ्यावर आपण मोकळे होतो. त्यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर मला बोलायचं आहे.

अरासचा हा वकील १७८९ मध्ये तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे सरदार आणि पाद्री सोडून उरलेल्या सगळ्यांचा, प्रतिनिधी म्हणून व्हर्सायला आला. पुढच्या तीन वर्षांतली त्याची भाषणं काढून बघा. ज्यू लोकांना आणि नाटकवाल्यांना नागरिकाचे पूर्ण हक्क द्या, असं तो सांगतो. मताच्या अधिकाराला कराची अट नको, असंही सांगतो. ३० मे १७९१ ला तर संविधान सभेत उभा राहून देहदंडच रद्द करा म्हणतो. जानेवारी १७९२ मध्ये ब्रिसो आणि मंडळी युद्धासाठी बाह्या सरसावून बसली होती, तेव्हा जॅकोबिन क्लबात, म्हणजे क्रांतिवाद्यांच्या राजकीय मंडळात, याने बजावलं होतं की हत्यार घेऊन आलेला धर्मप्रचारक कुणालाही आवडत नाही.

आणि हाच माणूस दोन वर्षांनी दहशतीचं राज्य चालवतो? मधे झालं काय? माझं मत असं की माणूस फारसा बदलला नाही, युद्धाने परिस्थिती बदलली. आणि तो मेल्यावर सहकाऱ्यांनी आपापली पापं त्याच्या खात्यावर लिहून हात धुतले. जाणकारांनी लिहावं.

सदाफुली
वा, बऱ्याच दिवसांनी इतिहासावर धागा. वाचतेय.

रात्रपाळी
म्हणजे आता रोबेस्पिअरलाही क्लीन चिट? पुढचा नंबर कुणाचा?

देहदंडाला विरोध करणाऱ्या याच गृहस्थाने ३ डिसेंबर १७९२ ला कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या संसदेत, सांगितलं की देश जगायचा असेल तर लुईला मेलं पाहिजे. खटला भरायचीही गरज नाही म्हणाला, कारण खटला भरला तर राजा निर्दोष सुटण्याची शक्यता मान्य करावी लागते आणि मग क्रांतीच गुन्हेगार ठरते. बिनतोड वकिली आहे, मान्य. पण तत्त्व किती काळ टिकलं? दीड वर्ष.

हिशेबनीस
माणसं नंतर बघू, आधी तिजोरी बघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडची खोड मोडायला फ्रान्सने कर्ज काढून पैसा ओतला. १७८८ पर्यंत सरकारी महसुलातला निम्मा भाग नुसत्या व्याजापायी जात होता. सरदार आणि चर्च यांना मुख्य करांतून सूट. त्यांच्यावर कर बसवायला निघालेला प्रत्येक अर्थमंत्री घरी गेला. शेवटी १६१४ नंतर पहिल्यांदा तिन्ही वर्गांची सभा ५ मे १७८९ ला बोलवावी लागली ती पैशासाठी. स्वातंत्र्य, समता वगैरे नंतर आलं.

त्यात १७८८ च्या जुलैत गारपीट, पीक गेलं. पॅरिसात चार पौंडांचा पाव आठ-नऊ सूवरून (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) साडेचौदा सूवर गेला. मजुराला दिवसाला मिळायचे वीस ते तीस सू. घरात चार तोंडं असतील तर उरलं काय? बॅस्टिल पडली त्या दिवसांत पाव सगळ्यात महाग होता, हा निव्वळ योगायोग नाही.

आंबटगोड
पाव नसेल तर केक खा :)

खडूफळा
@आंबटगोड, वाटच बघत होते कोण पहिलं लिहितंय! मारी आंत्वानेत असं म्हणाल्याचा पुरावा नाही. 'एक थोर राजकन्या' असं म्हणाली, हा किस्सा रूसोच्या आत्मचरित्रात आहे, पण तो भाग त्याने लिहिला तेव्हा ही ऑस्ट्रियात बाहुल्यांशी खेळत होती. फ्रान्सला आली १७७० मध्ये, लग्न होऊन, चौदाव्या वर्षी. आणि मूळ गोष्टीत केक नाही, ब्रिऑश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. मी नववीला हे सांगते तेव्हा वर्गाचा अगदी हिरमोड होतो.

बॅस्टिलचंही तसंच. आत कैदी होते फक्त सात. लोक गेले होते दारूगोळ्यासाठी. बंदुका सकाळीच ॲन्व्हालीदमधून उचलल्या होत्या, दारू बॅस्टिलमध्ये होती.

मुळशीचा वारा
राजाच्या फाशीचा ठराव एका मताने पास झाला होता ना? कुठेतरी वाचलंय.

जुना कागद
@मुळशीचा वारा, फाशी नाही, गिलोटिन. आणि एका मताचं प्रकरण असं आहे: ७२१ जणांनी मत दिलं, त्यातल्या ३६१ जणांनी बिनशर्त मृत्यू म्हटलं. निम्म्याहून बरोब्बर एक जास्त, म्हणून ती गोष्ट पसरली. पण आणखी २६ जणांनीही मृत्यूच म्हटलं होतं, फक्त अंमल लांबवण्यावर चर्चा करा असं पुढे जोडलं होतं. ते धरून ३८७ विरुद्ध ३३४. प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन तोंडाने मत सांगायचं, त्यामुळे मतदान रात्रभर नि दुसऱ्या दिवशीही चालू होतं. राजाचा चुलतभाऊ ड्यूक ऑफ ऑर्लेआं, ज्याने स्वतःचं नावच फिलिप 'एगालिते' करून घेतलं होतं, त्यानेही मृत्यूला मत दिलं. त्याच नोव्हेंबरात त्याचंही डोकं गेलं.

निळी शाई
त्या मतदानात एक नाव आपल्याशी फार जवळून जोडलेलं आहे. थॉमस पेन. जन्माने इंग्रज, अमेरिकेच्या क्रांतीत गाजलेला, आणि फ्रेंच धड बोलता येत नसतानाही कॅलेमधून कन्व्हेन्शनवर निवडून आलेला. त्याने लुईला मारू नका, अमेरिकेत पाठवा म्हटलं. त्याचं भाषण दुसरा माणूस फ्रेंचमध्ये वाचत होता आणि मारा नावाचा जहाल पुढारी मधेच ओरडला की हा क्वेकर आहे, याचा धर्मच देहदंडाविरुद्ध, याचं मत धरू नका!

या पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' हे फ्रेंच क्रांतीवर टीका करणाऱ्या एडमंड बर्कला दिलेलं उत्तर. १८४७ च्या सुमारास ते पुस्तक पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हातात पडलं, आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. फ्रेंच क्रांती महाराष्ट्रात आली ती या वाटेने.

आता @जुना कागद, तुमच्या माणसाबद्दल. पेनला डिसेंबर १७९३ मध्ये तुरुंगात टाकलं. त्याच्यावर आरोपपत्र ठेवा, अशी नोंद रोबेस्पिअरच्या वहीत स्वतःच्या हस्ताक्षरात सापडली आहे. ही पण परिस्थितीच का?

रात्रपाळी
@निळी शाई +१. घ्या.

मांडवीकाठ
आपल्याकडची वाट निघालीच आहे म्हणून थोडं गोव्याचं. कांदोळीचे आबे फारिया, ज्यांचा संमोहन करतानाचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आहे, ते या सगळ्या धामधुमीत पॅरिसमध्येच होते. बरेच जण गोव्यातलं पोर्तुगीजांविरुद्धचं पिंटोंचं बंडसुद्धा फ्रेंच क्रांतीच्या प्रेरणेने झालं असं ठोकून देतात. ते बंड १७८७ चं. बॅस्टिल पडायला अजून दोन वर्षं होती.

शिलेदार
अवांतरात माझीही भर. १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला महादजी शिंदे गेले. त्याच्या आठच दिवस आधी पॅरिसमध्ये कन्व्हेन्शनने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली होती. आणि १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या पलटणींवर रेमों, शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ. दोघेही फ्रेंच. तिकडे त्यांच्या देशात राजा जाऊन प्रजासत्ताक आलं, हे इकडे एकमेकांवर तोफा डागतायत.

सदाफुली
धागा आता नगर जिल्ह्यात पोचला. संपादक, लक्ष असू द्या.

ल्योंवासी
नोकरीमुळे अकरा वर्षं ल्योंमध्ये आहे, त्यामुळे इथला कोन मांडतो. १७९३ मध्ये या शहराने पॅरिसच्या जॅकोबिनांविरुद्ध बंड केलं. वेढा पडला, ऑक्टोबरात शहर शरण आलं. कन्व्हेन्शनने ठराव केला: ल्यों स्वातंत्र्याविरुद्ध लढलं, ल्यों आता उरलं नाही. शहराचं नाव बदलून 'मुक्त केलेलं शहर' ठेवलं आणि श्रीमंतांची घरं पाडायचा हुकूम निघाला. आधी कूताँ आला होता. हा रोबेस्पिअरचा जवळचा मित्र, पाय अधू म्हणून त्याला उचलून न्यायचे. त्याने बेलकूर चौकातल्या घरांवर हातोडा टेकवून समारंभ उरकला आणि फार काही न पाडता परत गेला.

मग आले कोलो देर्ब्वा आणि फूशे. गिलोटिन पुरेना म्हणून ब्रोतोच्या मैदानात माणसं दोरखंडाने बांधून उभी केली आणि वर छर्ऱ्याच्या तोफा. जे मेले नाहीत त्यांना तलवारीने संपवलं. एकूण अठराशेच्या वर माणसं मारली. या फूशेला परत बोलावून जाब कुणी विचारला? रोबेस्पिअरने. आणि रोबेस्पिअरला पाडायचा कट रात्री दारोदार फिरून कुणी जुळवला? याच फूशेने.

पुढची कारकीर्द ऐका. नेपोलियनचा पोलीस मंत्री, ओत्रांतोचा ड्यूक. १८१५ मध्ये राजेशाही परतली तेव्हा अठराव्या लुईचाही मंत्री. त्याच लुईच्या भावाला मारायला याने मत दिलं होतं!

आंबटगोड
फूशेसाहेब आज असते तर सकाळच्या शपथविधीला एका पक्षात आणि दुपारच्या शपथविधीला दुसऱ्या.

जुना कागद
@ल्योंवासी, अगदी हेच म्हणायचं होतं. थर्मिडोरचा, म्हणजे २७ जुलै १७९४ चा कट करणारे पाहा. फूशे ल्योंचा. फ्रेराँ आणि बारास तुलाँचे, शहर परत घेतल्यावर तिथे सरसकट गोळ्या घालणारे. तालियाँ बोर्दोचा. प्रांतांमधला हिंसाचार यांच्या हातचा, आणि आपल्यालाही जाब विचारला जाणार ही भीती यांच्या पोटात. मानवतेसाठी उठलेली ही माणसं नव्हती.

पण डाव नामी टाकला. २८ जुलैला रोबेस्पिअर, सँ-ज्युस्त, कूताँ यांना खटला न चालवताच गिलोटिनवर चढवलं, तीन दिवसांत शंभरावर माणसं संपवली आणि जाहीर केलं की हुकूमशहा मेला, दहशत संपली, आम्ही सगळे त्याला घाबरून होतो.

रात्रपाळी
छान. आता २२ प्रेरियालच्या (क्रांतीच्या नव्या कॅलेंडरमधली तारीख) कायद्याबद्दल बोला. १० जून १७९४. मसुदा कूताँचा, पाठिंबा रोबेस्पिअरचा, आणि सदस्य चर्चा पुढे ढकला म्हणाले तेव्हा आजच मंजूर करा म्हणून अडून बसला तो रोबेस्पिअरच. आरोपीला वकील नाही, साक्षीदाराची गरज नाही, निकाल दोनच, सुटका किंवा मृत्यू. त्याआधीच्या सव्वा वर्षात पॅरिसच्या क्रांतिकारी न्यायाधिकरणाने सुमारे साडेबाराशे माणसं मारली होती. या कायद्यानंतर सात आठवड्यांत पावणेचौदाशे.

युद्धाचं कारण देऊ नका. २६ जूनला फ्ल्यूरुसची लढाई जिंकून फ्रेंच फौजा बेल्जियममध्ये घुसल्या, धोका टळला होता. तरी गाड्या भरून माणसं चौकात जात राहिली. उलट वाढली.

निळी शाई
@रात्रपाळी मुद्दा जबरदस्त. आणि ती माणसं कोण, हेही सांगायला हवं. सरदार-दरकदार मारले गेले अशी समजूत असते. देशभरात खटला होऊन मृत्युदंड झालेले साधारण सतरा हजार, त्यातले बहुसंख्य शेतकरी, कारागीर, मजूर. म्हणजे ज्या तिसऱ्या वर्गाच्या नावाने क्रांती झाली, तोच. तुरुंगात मेलेले आणि खटल्याशिवाय मारलेले धरले तर आकडा तीस-चाळीस हजारांवर जातो. आणि यात पश्चिम फ्रान्समधल्या वाँदेचं यादवी युद्ध धरलेलं नाही. तिथले अंदाज लाखाच्या पुढे आहेत.

हिशेबनीस
वाँदेचं मूळही पाहा. फेब्रुवारी १७९३ मध्ये तीन लाख माणसांची सैन्यभरती जाहीर झाली. त्याआधी चर्चच्या जमिनी विकल्या होत्या, त्या शहरी पैसेवाल्यांनी घेतल्या. गावचा पाद्री बदलला, कारण त्याने सरकारी शपथ घेतली नाही. कुळ म्हणून जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती क्रांतीतून काय आलं? नवा जमीनदार आणि मुलाला सैन्याचं बोलावणं. तो उठणारच.

त्या जमिनींच्या तारणावर 'आसिन्या' नावाच्या नोटा काढल्या होत्या. युद्धाला पैसा हवा म्हणून छापत सुटले. भाव भडकले, तेव्हा सप्टेंबर १७९३ मध्ये कमाल भावाचा कायदा, 'मॅक्सिमम'. पण त्याच कायद्याने मजुरीलाही कमाल मर्यादा घातली. रोबेस्पिअर पडायच्या चारच दिवस आधी पॅरिसमध्ये मजुरीचे नवे दर लागले, कित्येकांची मजुरी कापली गेली. २७ जुलैच्या संध्याकाळी रोबेस्पिअरच्या बाजूने नगरपालिकेसमोर जमलेले लोक मध्यरात्रीपर्यंत पांगले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी गिलोटिनकडे निघाली तेव्हा लोक 'गेला मेला मॅक्सिमम!' अशा आरोळ्या देत होते. तुमच्या चर्चेत नीतिमत्ता फार आणि पगार कमी आहे, म्हणून लिहिलं.

कसारा लोकल
या गडबडीत दहा दिवसांचा आठवडा पण काढला होता ना यांनी?

खडूफळा
हो! १७९३ च्या ऑक्टोबरात नवं कॅलेंडर आलं. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, आठवडा दहा दिवसांचा, सुट्टी दहाव्या दिवशी. वर्षाच्या शेवटी पाच-सहा दिवस सणाचे. महिन्यांची नावं हवामानावरून: धुक्याचा ब्र्युमेर, बर्फाचा निव्होज, उष्म्याचा थर्मिडोर. संतांच्या नावांऐवजी प्रत्येक दिवसाला झाड, फळ, जनावर किंवा अवजार. एक दिवस चक्क बटाट्याचा.

नावं ठेवणारा फाब्र देग्लांतिन, कवी आणि नाटककार. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी गुंडाळताना झालेल्या घोटाळ्यात कागदपत्रांत फेरफार केल्याबद्दल पकडला गेला आणि क्रांतीचा पुढारी दांतों याच्याबरोबर ५ एप्रिल १७९४ ला गिलोटिनवर गेला. कॅलेंडर मात्र १ जानेवारी १८०६ ला नेपोलियनने बंद करेपर्यंत चाललं. मीटर आणि ग्रॅम तेवढे टिकले.

कसारा लोकल
दहा दिवसांनी एक सुट्टी. आमच्या मॅनेजरला हा धागा दाखवू नका.

सदाफुली
इतका वेळ वाचते आहे, पण बायका कुठे आहेत या चर्चेत? एक केकवाली सोडून?

५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या बाजारातल्या बायका भर पावसात व्हर्सायला चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणीला सोबत घेऊनच पॅरिसला आल्या. संसदेला जे जमलं नव्हतं ते यांनी करून दाखवलं. ऑलिंप द गूझने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असं त्यात आहे. ३ नोव्हेंबर १७९३ ला तिला पहिला हक्क मिळाला. त्याच्या चारच दिवस आधी बायकांचे सगळे क्लब बंद केले होते. मताचा अधिकार कधी? १९४४.

तुम्ही रोबेस्पिअर चांगला की वाईट यावर खुशाल भांडा. या बाबतीत तो, दांतों आणि त्यांना मारणारे, सगळे एका माळेचे मणी.

निळी शाई
@सदाफुली, घटस्फोटाचा कायदा तेवढा क्रांतीच्या खात्यावर जमा करा. सप्टेंबर १७९२, नवरा-बायको दोघांनाही सारखा हक्क. तोही नेपोलियनने आवळला आणि १८१६ मध्ये राजेशाहीने पुसून टाकला.

बोधिवृक्ष
स्वातंत्र्य, समता, बंधुता म्हटलं की लोक थेट पॅरिसला पोचतात. बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं, की माझं तत्त्वज्ञान मी फ्रेंच क्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही, ते माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतलं आहे. बंधुतेवर त्यांचा इतका जोर का, हे वरची आकडेवारी वाचताना पटतं.

आणि समतेची खरी परीक्षा पॅरिसमध्ये नव्हे, सँ-दोमँगमध्ये झाली, म्हणजे आजच्या हैतीत. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथले गुलाम उठले. शिलेदार यांनी सांगितलेला ४ फेब्रुवारी १७९४ चा ठराव पॅरिसच्या उदारपणातून आला नाही, तिथे गुलामांनी स्वातंत्र्य आधीच मिळवलं होतं. ठरावाच्या दिवशी सभागृहात बेलेय नावाचा प्रतिनिधी बसला होता, आफ्रिकेत जन्मलेला, स्वतः गुलाम राहिलेला. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामगिरी पुन्हा आणली, तूसाँ लूव्हेर्त्यूरला पकडून फ्रान्सच्या डोंगरी किल्ल्यात मरू दिलं. तरी १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालंच.

शिलेदार
@बोधिवृक्ष, हैतीवर वेगळा धागा काढाच. इथे कोपऱ्यात संपवण्याचा विषय नाही.

मुळशीचा वारा
मला दांतों जास्त आवडतो. निदान खाऊन-पिऊन सुखी, माणसासारखा माणूस. शेवटी दया दाखवा म्हणत होता, म्हणून तर मारला त्याला.

रात्रपाळी
दांतों दिलखुलास होता, आणि पैसेखाऊ असल्याचा संशय त्याच्यावर जिवंतपणीच होता. शिवाय ज्या न्यायाधिकरणाने त्याला मारलं ते मार्च १७९३ मध्ये उभं करा म्हणणारा तोच. जनतेला भयंकर व्हावं लागू नये म्हणून आपण भयंकर होऊ, हे त्याचंच वाक्य.

पैशावरून मिराबो आठवला. क्रांतीचा पहिला हिरो, १७९१ मध्ये वारला, थाटात पँथिऑनमध्ये, थोरांच्या समाधिस्थळात, पुरला. पुढच्या वर्षी राजवाड्यातल्या लोखंडी कपाटात कागद सापडले, हा राजाकडून पगार घेत होता. मग त्याला काढून माराला ठेवलं. काही महिन्यांत मारालाही काढलं.

आंबटगोड
पँथिऑनमध्ये भाडेकरार अकरा महिन्यांचाच करत असावेत.

जुना कागद
बऱ्याच गोष्टी आल्या, आता मूळ प्रश्नाकडे येतो. @रात्रपाळी, प्रेरियालच्या कायद्याची जबाबदारी रोबेस्पिअरचीच, त्यावर पांघरूण घालणार नाही. देमुलाँ त्याचा शाळासोबती, त्याच्या लग्नाला हा साक्षीदार होता. त्याच्या अटकेच्या हुकमावर याने सही केली, आणि त्याचं डोकं गेल्यावर आठ दिवसांनी त्याच्या बायकोलाही मारलं. हे वाचताना मलाही थांबावं लागतं.

माझा आक्षेप हिशेबाबद्दल आहे. तेव्हा देशाचा कारभार पाहणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा समितीत बारा माणसं होती. रोबेस्पिअर त्यात जुलै १७९३ च्या शेवटी आला, आणि १७९४ च्या जून-जुलैत, जेव्हा सर्वाधिक माणसं मारली गेली, तेव्हा कित्येक आठवडे तो बैठकांना जातच नव्हता. सह्या बाकीचे करत होते. मग दहशत एकट्याची कशी?

रात्रपाळी
कायदा करून घरी जाऊन बसला, म्हणून निर्दोष?

जुना कागद
निर्दोष नाही. आरोपी क्रमांक एक म्हणा हवं तर. आरोपी एकच, हे मला मान्य नाही.

ल्योंवासी
त्या बारांमधला कार्नो बघा मग. सैन्याचं काम त्याच्याकडे, 'विजयाचा शिल्पकार' म्हणतात त्याला. समितीच्या ढीगभर हुकमांवर त्याचीही सही आहे. नंतर विचारलं तर म्हणे, कामाच्या रगाड्यात आम्ही एकमेकांचे कागद न वाचताच सह्या करायचो. चाललं! पुढे डिरेक्टरीत, म्हणजे रोबेस्पिअरनंतरच्या सरकारात, आला, १८८९ मध्ये त्याच्या अस्थी पँथिऑनमध्ये नेल्या, तेव्हा नातू सादी कार्नो राष्ट्राध्यक्ष होता. दांतोंचा पुतळा ओदेऑनच्या चौकात आहे. रोबेस्पिअरच्या नावाचा खुद्द पॅरिस शहरात एकही रस्ता नाही. मेट्रोचं एक स्टेशन आहे, नऊ नंबरच्या मार्गावर, तेही शहराच्या हद्दीबाहेर माँत्रयमध्ये.

हिशेबनीस
न वाचता सही हे कारण ऑडिटमध्ये आजही रोज ऐकतो.

खडूफळा
@जुना कागद, यंदा नववीला हा खटला वर्गातच चालवणार आहे. रोबेस्पिअरच्या वकिलीला पोरं मिळतील, भांडकुदळ चिक्कार आहेत. फूशे व्हायला कोणी तयार होईल का, बघते.